शिवणवाल्या काकूंनी बसवलेले प्लग

गल्लीत त्यांना सगळे शिवणवाल्या काकूच म्हणत. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि मागच्या अंगणात काकांची जुनी गाडी, अशी घराची सरळ वाटणी होती. काका कारखान्यातले फिटर. निवृत्त झाले तरी गाडीचं सगळं काम घरीच, स्वतःच्या हातानं. "परका हात लागला की तिला ताप येतो," असं म्हणायचे, आणि परक्यांत बायकोलाही धरायचे.

पण अलीकडे काकांचे हात थरथरू लागले होते. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. चहा अर्धाच कप मागायचे, बटणांचे सदरे सोडून टी-शर्ट घालायचे. लोकांच्या बाह्या मोजण्यात काकूंचा जन्म गेलेला. त्यांच्यापासून हाताचं दुखणं लपतंय कुठलं? पण नवऱ्याचा मानी स्वभाव ओळखून त्या गप्प होत्या.

मग गाडी खोकायला लागली. चढावर आचके द्यायची. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, विकून टाका तो डबा." काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्याच दिवशी चार नवे स्पार्क प्लग घेऊन आले.

इंजिन गार होतं. काकांनी एका प्लगची टोपी काढली, फुंकर मारून धूळ उडवली, पाना लावून जुना प्लग बाहेर काढला. काळाकुट्ट. इथवर जोराचं काम होतं, ते जमलं. पण नवा प्लग खोल भोकात अलगद धरून आट्यांवर बसवायचा, तर तो नुसता कडेला खडखडायला लागला. एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी काकांनी पाना भिरकावला आणि पालथ्या बादलीवर बसले.

आवाज ऐकून काकू गळ्यातल्या टेपसकट बाहेर आल्या.

"आटे बिघडले तर इंजिनाची वाट लागेल," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "पोरीला सांग, विक म्हणावं. हात माझे राहिले नाहीत."

काकूंनी पाना उचलला. त्या म्हणाल्या, "सरका. काय करायचं ते सांगा. तोंड तर ठणठणीत आहे ना तुमचं?"

काकांनी खिशातून रबरी नळीचा तुकडा काढून दिला. "प्लग या टोकात खोच. आत सोड. आता आधी उलटा फिरव."

"उलटा? मग बसेल कसा?"

"अगं, आट्याला आटा भेटला की बोटांना कळतं. मग सुलटा फिरव."

काकूंनी डोळे मिटले. बोटांना बारीकसं टक् जाणवलं.

"भेटला!"

"जोर लावू नकोस!"

"लावत नाहीये. ओरडू नका."

एकेक करत चारही प्लग बसले. पान्याचा शेवटचा फेर देताना काका "बस, पुरे" म्हणत, तिथे काकू थांबत. काकांनी आत बसून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण थडथडू लागलं. काकूंचा चेहरा पडला.

काका कान देऊन ऐकत होते. त्यांनी इंजिन बंद केलं. "तिसरी टोपी अर्धीच बसलीय. दाब."

काकूंनी दाबली. पुन्हा किल्ली फिरली, आणि या खेपेला गाडी तेल दिलेल्या मशीनसारखी एका लयीत चालू लागली.

काका खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर?"

"कधीची वाट बघतेय," काकू म्हणाल्या.

गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. गाडी चालवायला मात्र डॉक्टरांनी बंदी घातली. काका दोन दिवस अंगणात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याकरवी गाडी मोकळ्या मैदानात नेली आणि काकूंना स्टिअरिंगपाशी बसवलं. काकूंनी गाडी थेट कुंपणाला टेकवली. काका उतरले, वाकून बंपर पाहिला, कपाळावर आठी आली.

मग म्हणाले, "असू दे. पत्राच तर आहे. मागे घे हळूच."