प्रेमानंद मिस्त्रीची थापी

आमचे हे, म्हणजे प्रेमानंद मिस्त्री, फरशी बसवायचं काम करते. अख्ख्या नागपुरात त्यायच्या हाताची फरशी ओळखू येते, असं ते स्वतःच सांगते. मी बायको आहो, मी सांगत नाही. पण त्यायनं बसवलेल्या मोरीत पाणी कधी तुंबत नाही, हे मात्र कबूल.

खोड एकच. सासूबाईनं पोराले सगळं शिकवलं, पण 'नाही' म्हणायले शिकवलं नाही. मानेवाड्यातून फोन आला, हो जी. सदरमधून आला, हो जी. हिंगण्यात कंपनीच्या गेटवर कोण्या सुशीलनं गाडी अडवून विचारलं, त्यालेही हो जी. आता मिस्त्री लोकायची एक रीत आहे. हो म्हटलं की आपलं काहीतरी सामान त्या घरी ठेवून यायचं. एसटीच्या खिडकीतून सीटवर दुपट्टा टाकतात ना, तसं. सामान आहे त मिस्त्री येईन, या भरोशावर गिऱ्हाईक थांबते. दुसरा मिस्त्री आला तरी ते सामान पाहून आल्या पावली परत जाते.

आमच्या ह्यायनं या रीतीचा पार भुगा केला. लेव्हल पट्टी मानेवाड्यात, घमेलं सदरमध्ये, कटर मशीन हिंगण्यात. मानेवाड्यात काम सुरू केलं की फरशी कापायले मशीन नाही, पळा हिंगण्याले. तिथं बसले की लेव्हल नाही, पळा परत. अर्धा दिवस माणूस आपलंच सामान गिऱ्हाइकाकडून उसनं मागत फिरे. सिमेंट लावायची थापी मात्र कुठंच सोडली नाही. बाकी सामान म्हणजे नुसतं 'येईन'. थापी जिथं, मिस्त्री तिथं. हे साऱ्या गिऱ्हाइकायले पाठ होतं.

चाललंही असतं बाप्पा. पण फरशीवाल्याचा सारा धंदा गुडघ्यावर. मे महिना, लग्नसराई, ज्याले त्याले पाहुण्यायच्या आधी फरशी पायजे. ह्यायचा उजवा गुडघा सुजून कोहळा झाला. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर गुडघा टेकायचा नाही. ऐकलं नाही त पुढं जमिनीवर बसणं विसरा." हे म्हणाले, "हो जी." मग डॉक्टरच म्हणाले, "बरे झाले की आमच्या गच्चीचं पाहा जरा." हे म्हणाले, "उद्या येऊ का?" आणि खोटं नाही सांगत, निघताना आपला दुपट्टा दवाखान्यात ठेवून आले.

सोमवारी सकाळी खाटेवरून उठता येईना. कूलरसमोर आडवे पडून फोनवर सांगून राहिले, "निघालो जी, रस्त्यातच आहो."

मी म्हटलं, "अजी, कोणत्या रस्त्यात? इथून मोरीपर्यंत त जाऊन दाखवा."

तोंड भिंतीकडे केलं. मग हळूच म्हणाले, "वंदना, नाही म्हटलं त गिऱ्हाईक दुसरा मिस्त्री पाहते वं. एकदा गेलं की गेलं."

मले राग बी आला अन् रडू बी आलं. लोकायच्या फरशीपायी हा माणूस लंगडा व्हायले तयार होता. मी पोरीची, दीक्षाची, स्कूटी काढली, तोंडाले दुपट्टा बांधला आणि सामान जमा करायले निघाली. सामान परत आलं की दिलेला शब्द सुटला.

मानेवाड्याच्या मनोहररावांनी लेव्हल पट्टी छातीशीच धरली. "हे नाही देणार बाई. हे गेलं की मिस्त्री गेला. घरी पोरीचं लग्न आहे."

"गुडघा गेला त मिस्त्री तसाही जाईन," मी म्हटलं. "पाहुणे काय फरशीवर वरण वाढून घेणार आहे का जी? महिनाभर थांबा, तुमचं काम पहिलं."

आतून त्यायची बायको म्हणाली, "द्या ना ते. पट्टीचं काय लोणचं घालता?" तेव्हा दिली. वरून मले पन्हं पाजलं.

सदरच्या अबोली मॅडमनी घमेल्यात पाणी भरून गॅलरीत चिमण्यांसाठी ठेवलं होतं. त्या "घेऊन जा" म्हणाल्या, पण काठावर चिमण्या बसून होत्या. माझ्यानं काही उचलवलं नाही. हिंगण्याचा सुशील भला, शिफ्ट सुटल्यावर मशीन घरीच आणून दिली.

संध्याकाळी दारात सामान पाहून ह्यायचं तोंड उतरलं. "माझी इज्जत गाडीवर बांधून आणली तू."

"इज्जत जागेवर आहे, गुडघा नाही," मी म्हटलं. "मले भेव वाटते जी. उद्या तुम्हाले खाली बसता नाही आलं त माझ्यासोबत जेवायले कोण बसन? साऱ्या गावात सामान ठेवलं, माझ्या घरी काय ठेवलं?"

हे मी उगाच नाही म्हटलं. आमच्या स्वयंपाकघरात मोरीजवळचा कोपरा घर बांधलं तेव्हापासून उघडा आहे. फरशा खाटेखाली धूळ खाऊन राहिल्या. मिस्त्रीच्या घरी सिमेंट पाहून शेजारच्या बाया हसतात. मी म्हटलं, "मी बी गिऱ्हाईकच आहो. मले भरोसा कशाचा?"

ते भिंत धरून उठले, खुंटीवरची थापी घेतली, लंगडत स्वयंपाकघरात गेले आणि त्या उघड्या कोपऱ्यात ठेवली.

"काम गुडघा बरा झाल्यावर," मी बजावलं. "मले घाई नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मनोहररावच. पट्टी दिली खरी, पण त्यायले राहवत नव्हतं. आठ दिवसांत तरी येता का, विचारून राहिले होते. फोन घ्यायले मी हात पुढे केला, त्यायनं दिला नाही.

"नाही जी," ते म्हणाले.

मी पाहतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यायच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"महिनाभर जमणार नाही. एका घरी काम धरलं आहे. थापी तिथंच ठेवली."

तिकडून कोणाचं घर म्हणून विचारलं असन.

"जुनं गिऱ्हाईक आहे जी," हे म्हणाले. "खूप वर्षं थांबलं माझ्यासाठी."