खांदशेकणीचा पाहुणा

टेनिस खेळून पोट भरतो असं मी पुसदमध्ये कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो, मग पोटाकडे. दोन्हीकडे बघून त्याचं समाधान होत नाही. त्याचंही बरोबर आहे. जागतिक क्रमवारीत मी इतका खाली, की हरलो तरी कुठल्या पेपरात येत नाही आणि जिंकलो तरी नाही.

मी दुहेरी खेळतो. जोडीदार दक्षिण अमेरिकेतला, पॅराग्वेचा, डावखुरा, वयानं माझ्याहून बराच मोठा. कधीकाळी एकेरीत त्यानं चांगल्या चांगल्यांना घाम फोडला होता म्हणे. मला भेटला तोवर माझ्यासारखाच छोट्या स्पर्धांवर आला होता. रात्रभर बस, सकाळी सामना, हरलं की पुन्हा बस. त्यातून त्याचा डावा खांदा गेला. वर्षभर तो खांद्यात दुखणं मारायची सुई टोचून घेऊन खेळत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच खेळलात तर पुढे स्वतःचे केससुद्धा विंचरता येणार नाहीत. हा म्हणतो, पुण्याची स्पर्धा खेळतो, मग बघू.

भीती त्याला खांद्याची नव्हतीच. त्याचे वडील तिकडे कापूस पिकवायचे. पोराच्या हातात रॅकेट दिली तेव्हापासून ते गावभर सांगत आलेत, की हा मोठा खेळाडू होणार. खेळ सोडला हे त्यांना सांगायचं कसं, तिथं गाडी अडली होती.

पुण्याला जायला अवकाश होता, म्हणून मी त्याला आमच्या गावी घेऊन आलो. रस्त्यानं कपाशी दिसली की हा खिडकीबाहेर हात काढून ओरडायचा. बसमधले लोक माझ्याकडे बघायचे, हा नमुना माझाच आहे का म्हणून.

पोळ्याचा आदला दिवस होता. बाबा गोठ्यात खांदशेकणीला बसले होते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे कडक होतात, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना कोमट तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचं, असा आमच्याकडचा रिवाज. आमचे दोन बैल कामाचे, तिसरा म्हातारा, नुसता बसून खाणारा. बाबांनी तूप पहिल्यांदा म्हाताऱ्याला लावलं.

पाहुण्यानं मला विचारलं, हा काम करत नाही ना? मग याला कशाला?

मी बाबांना त्याचा प्रश्न सांगितला. बाबा हात न थांबवता म्हणाले, "त्याले सांग, जू उतरलं म्हणून खांद दुखाचा राह्यते का? यानंच तं वावर वाह्यलं इतके साल."

मी इंग्रजीत सांगितलं. तो पुढे झाला आणि बैलाच्या खांद्यावर हात ठेवायला गेला. डावा हात अर्ध्यावर गेला आणि अडकला. त्यानं ओठ आवळले आणि उजव्या हातानं तो खाली घेतला.

"याले काय झालं?" बाबांनी विचारलं.

"खांदा गेला."

"अन् तरी खेळून राह्यला?"

"हो."

"काहून?"

उत्तराची वाट न बघता बाबांनी त्याला हातानं बसायची खूण केली, शर्ट उतरवायला लावला आणि वाटीतलं उरलेलं तूप त्याच्या खांद्यावर चोळायला घेतलं. मला हसू आवरेना. इतकी वर्षं परदेशी फिजिओ करून झाले, आता आमचे बाबा. हातातलं पान टाकून बाबा त्याच्यापुढे हात जोडून, बैलांना म्हणायचं तेच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

त्यानं अर्थ विचारला. मी सांगितला, की हे जेवणाचं आमंत्रण आहे, आणि हेही सांगितलं, की उद्या बैलांना कुणी कामाला लावत नाही. तो मान खाली घालून रडायला लागला. माझं हसणं जागच्या जागी विरलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली गावचे बैल उभे राहिले. पाहुणा म्हाताऱ्या बैलाचा कासरा धरून तिथंच. गर्दी पांगल्यावर मला म्हणाला, पुण्यातून आपलं नाव काढ. मी म्हटलं, या वेळचंच ना? तो म्हणाला, नाही, कायमचं. माझा पारा चढला. जोडीदार नाही म्हणजे माझाही हंगाम बुडाला. दोन-चार वाकडं बोललो. तो ऐकून घेत राहिला. शेवटी मी फोन काढला आणि नाव मागे घेतलं.

संध्याकाळी ओसरीवर बाबांनी विचारलं, "पाव्हण्याची गाडी उद्याच हाय ना?"

"नाही. त्यानं खेळ सोडला. आता घरी कळवायचंय, तेच होत नाहीये त्याच्यानं."

"मंग राहू दे त्याले अजून. बापाले सांगणं सोपं नसते." बाबांनी पानाला चुना लावला. माझ्याकडे बघितलं नाही. "अन् तुले काही सांगाचं असंल, तं मी घरीच आहो."

मी रॅकेटची पिशवी जवळ ओढली. म्हटलं, "अजून नाही, बाबा."