भाजी कापायचं यंत्र

मी लेखक नाही, म्हणून आधीच माफी मागतो. माझी शाळा हिंदीतून झाली, कॉलेज इंग्रजीतून चालू आहे, आणि मराठी जी काय येते ती घरातली, आईशी बोलायची. ज्या पानावर मोठी माणसं मोठ्या माणसांबद्दल लिहितात तिथे माझ्यासारख्यानं एका फिटरबद्दल लिहावं, हे मलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. गॅसचा फॉर्म, आईच्या आधारकार्डातली चूक, बाबांचा रजेचा अर्ज, सगळं मी लिहितो. असाच एक अर्ज मी मोठेबाबांसाठी लिहिला होता. तो मी चुकीचा लिहिला, आणि चुकून नाही, समजून-उमजून चुकीचा लिहिला. ते कुठेतरी सांगायला हवं, म्हणून हे धाडस.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते गेले त्या दिवशी दुपारी मी वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला होतो. बाबांचा फोन आला. "दादा गेला," एवढंच म्हणाले. मग थोडं थांबून, "प्रॅक्टिकल सोडू नको. झालं की सीधा बोरसीले, दादाच्या घरी ये." मी खरंच प्रॅक्टिकल पूर्ण केलं... घडवलेल्या जॉबचं माप घेतलं, वहीवर सही घेतली, हात धुतले. आता आठवलं की लाज वाटते.

मोठेबाबा स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये फिटर होते. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडे, घर शेतीवालं. भिलाईला पहिले ते आले, मग त्यांनी माझ्या बाबांना आणलं, ठेक्यावर का होईना कामाला लावून दिलं, पुढे बाबा पक्के झाले आणि आम्हाला सेक्टर दोनचं क्वार्टर मिळालं. बाबा आयुष्यात मोठेबाबांशी मान वर करून बोलले नव्हते. मोठेबाबा रिटायर झाले, मोठी आई त्याच्या आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरी बसवत नाही म्हणून त्यांनी सुपेल्याच्या बाजारात एका वेल्डिंगवाल्याच्या शेजारी छोटा गाळा घेतला. पंप, कूलर, कडबा कापायची मशीन, जे येईल ते दुरुस्त करायचे. इथवर सगळं ठीक होतं.

मग सलीमभाई मशीन घेऊन आले. सलीमभाईंचं सुपेल्यात मटणाचं दुकान आहे. तिथल्या खाटकांच्या लाइनीत हाड कापायची मशीन पहिल्यांदा त्यांनी आणली, कुठल्यातरी बंद पडलेल्या हॉटेलातून. दोन चाकांवर फिरणारं आरीचं लांब पातं, खाली मोटर, वर लोखंडी टेबल. मशीन जुनी, अगदी सुरुवातीच्या काळातली. ना पात्याला झाकण, ना हाताला आडोसा. सलीमभाईंच्या उजव्या हाताला पट्टी होती. तर्जनी अर्धी गेली होती. मोठेबाबांनी विचारलं, कसं झालं? सलीमभाई म्हणाले, "चाचा, बंद मशीन ने काटा।"

हे वाक्य मोठेबाबांनी मला कितीदा ऐकवलं असेल! "बंद मशीननं कापलं म्हणते गा. समजते का तुले, इंजिनेर?" मला समजलं नव्हतं. मग त्यांनी दाखवलं. बटण बंद केलं, मोटरचा आवाज गेला, पण चाकं जड, ती आपली फिरतच राहिली. आवाज नाही, त्यामुळे माणसाला वाटतं थांबली. तो टेबलावरचा तुकडा उचलायला हात घालतो... मोठेबाबांनी बोटांवर मोजलं, नऊपर्यंत आले तेव्हा पातं उभं राहिलं. "नऊ मोजेपर्यंत हे जनावर जितं हाय. अन् सारे म्हणते मेलं."

तिथून पुढची दोन वर्षं ते त्या एका गोष्टीच्या मागे होते. आधी त्यांनी नुसतं झाकण लावलं, तर मोठं हाड आत जाईना, दुकानातल्या पोरांनी ते काढून फेकलं. मग टेबलावर सरकणारी एक उभी पाटी बसवली; मटण पाटीला टेकवायचं आणि हात पाटीच्या मागे ठेवून ढकलायचं. ती चालली. पण बंद मशीनचं काय? त्यावर त्यांनी जुन्या स्कूटरचा ब्रेक खालच्या चाकाला बसवला आणि पायाशी पेडल दिलं. मला वाटलं, पेडल दाबलं की ब्रेक लागत असेल. मी तसं म्हणालो तर ते हसले. "कॉलेजात हेच शिकवून राहिले का? घाबरलेल्या माणसाले पेडल दाबाची याद येत नाही बाबू. तो पयले पाय उचलते." त्यांनी उलटं केलं होतं. स्प्रिंग अशी लावली की ब्रेक कायम लागलेलाच असेल. पेडलवर पाय ठेवला तर ब्रेक सुटतो आणि मोटर चालू होते. पाय उचलला की मोटर बंद, आणि दोन मोजायच्या आत पातं उभं. "मशीनची खोड चालाची असते. म्या इले थांबाची खोड लावली."

या सगळ्या जोडणीला ते 'राखण' म्हणायचे. गावाकडे पिकाची राखण असते, तशी बोटांची राखण. सुपेल्यातल्या खाटकांच्या तोंडीही तोच शब्द बसला. "चाचा, मेरी मशीन में भी राखन लगा दो," असं म्हणत एकेक जण येऊ लागला. मी पाहिलेल्या चार दुकानांत तरी राखण बसलेली होती.

आणि आमच्या घरात...? आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून पंथाचा उपदेश घेतलेला आहे. मांस, मासा, अंडं यांचा स्पर्श नाही. एकमेकांना भेटल्यावर आम्ही नमस्कार नाही, दंडवत म्हणतो. मोठेबाबांनी जन्मात मटणाची चव घेतली नाही. पण त्यांचा हात त्या मशीनला लागत होता, आणि मशीन तिथली होती. पहिल्यांदा बाबांनी विचारलं ते मऊ आवाजात. "दादा, आंघोळ करून आला ना?" मोठेबाबा म्हणाले, "करून आलो. पुन्हा करतो, तुह्या घरी पाणी जास्त असन तर." सगळे हसले. पुढच्या खेपेला बाबांनी क्वार्टरच्या मागच्या नळाशी साबण ठेवला. त्याच्या पुढच्या खेपेला टॉवेल. मग मोठेबाबा येऊन मागेच बसू लागले, पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून. आई चहा तिथे नेऊन द्यायची. कोणी त्यांना आत येऊ नका असं कधी म्हटलं नाही. ते म्हणायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही.

एकदा एका नातेवाइकानं सगळ्यांसमोर म्हटलं, "काय गा धनराज, आता कसायाचा मिस्त्री झाला म्हणते तू?" मोठेबाबा म्हणाले, "तुह्या कूलरचाही मीच मिस्त्री हाय. उन्हाळ्यात येशीन तवा दाखवतो." लोक हसले, पण मी बाबांकडे पाहत होतो. ते जमिनीकडे बघत होते.

मीही मागच्या अंगणात फार बसत नसे, हे कबूल करतो. गाळ्यावर जायचो ते कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काही मिळेल म्हणून, आणि मित्र भेटले तर सांगायचो, पंप दुरुस्त करायला आलोय.

कारागिरांनी स्वतः केलेल्या सुधारणांचे अर्ज एका सरकारी संस्थेनं मागवले होते. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद होता. मी मोठेबाबांना सांगितलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांना एवढं उतावीळ मी कधी पाहिलं नव्हतं. "इनाम-गिनाम नाही पाहिजे मले. कागद देते ना ते? शिक्क्याचा?" मी हो म्हणालो. "मग भर. तो कागद तुह्या बापाच्या हातात देतो. वाच म्हणतो. म्या कोणाचं मटण कापून नाही राहिलो, म्या बोटं वाचवून राहिलो, हे सरकारी भाषेत लिहून असन तर त्याले पटन. माह्या तोंडून नाही पटत." त्यांना हवं होतं ते इतकंच. पुन्हा पुढच्या दारानं धाकट्या भावाच्या घरात जायचं होतं.

तीन रविवार आम्ही बसलो. ते फरशीवर खडूनं काढायचे, मी ते कागदावर नीट मापात उतरवायचो. ड्रॉइंग चांगलं झालं होतं, हे आजही म्हणतो. मग घरी बसून मी इंग्रजीत अर्ज भरला. एक रकाना होता, यंत्राचा उपयोग काय. शेजारी बाबा पेपर वाचत बसले होते. अर्ज आमच्या पत्त्यावर, उत्तर आमच्या पत्त्यावर येणार, आणि अर्जावर भरणाऱ्याचं म्हणून माझंही नाव, कॉलेजचंही नाव. मी लिहिलं, 'भाजी कापायचं यंत्र.' मनात म्हटलं, राखण तर राखणच आहे, खाली दुधी ठेवला काय नि दुसरं काही ठेवलं काय. मोठेबाबांना इंग्रजी येत नव्हतं. ड्रॉइंगवरचे आकडे आणि बोल्ट-नटाचे शब्द तेवढे ओळखायचे. मी त्यांना अर्जाची झेरॉक्स दिली. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्सच्या झाकणात खोचली.

दर रविवारी विचारायचे, "आला का कागद?"

कागद आला. होळीच्या आधी. माझ्या हातात आला हे माझं नशीब, असं तेव्हा वाटलं. भाजी कापायच्या यंत्रांना बोटांसाठी आडोसा आधीपासूनच असतो, यात नवीन काही दिसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आणि खाली एक ओळ होती, ती मला पाठ आहे: भाजीसाठी एवढ्या जोराच्या ब्रेकची गरज काय, हे अर्जदारानं स्पष्ट केलेलं नाही. मी तो कागद फाडून टाकला. मोठेबाबांना म्हणालो, "अजून नाही आला. सरकारी काम आहे, वेळ लागतो." ते म्हणाले, "लागू दे."

होळीनंतर त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, विसरले. सुटलो, असंही वाटलं. माझ्याशी त्यांचं वागणं काही बदललं नव्हतं. उलट त्या दिवसांत ते मला जास्तच सांगायचे, पात्याचा ताण कसा बघायचा, स्प्रिंग कधी बदलायची. एकदा म्हणाले, "हे लिहून ठेव कुठी. माह्या डोक्यात राहून काही उपेग नाही." मी मोबाईलवर लिहून घेतलं.

ते गेले त्या दिवशी बोरसीच्या घरी गर्दी होती. आमचे सगळे नातेवाईक, प्लांटमधले जुने साथी. बाबा सगळ्यांना सांगत होते, दादा फार धार्मिक होता, प्लांटमधला नंबर एकचा फिटर होता. रिटायर झाल्यानंतरची वर्षं कोणाच्या बोलण्यात नव्हती. रस्त्याच्या पलीकडे, रिकाम्या प्लॉटच्या भिंतीजवळ, सलीमभाई आणि लाइनीतली आणखी चार-पाच माणसं उभी होती. दुकानं बंद करून आली होती. ऊन होतं. कोणी त्यांना अलीकडे या म्हटलं नाही. बाबांनी एकदा तिकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "त्याईले कोणं कळवलं?" माझ्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता. मी अंगणातल्या सगळ्यांना पाणी दिलं. दोनदा दिलं. रस्ता ओलांडून गेलो नाही. मोठेबाबांना उचललं तेव्हा ती माणसं आमच्या मागून, वीसेक पावलांचं अंतर ठेवून, शेवटपर्यंत चालत आली.

दीड महिन्यानं गाळा रिकामा करायचा होता म्हणून मी सुपेल्याला गेलो. टूलबॉक्स उघडला तर झाकणात झेरॉक्स नव्हती. पिशवी रिकामी होती. मी शेजारी विचारलं, कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी सलीमभाईंच्या दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानाच्या आत पाय ठेवला. ते मशीनवर काम करत होते. मला पाहून त्यांनी पाय उचलला, आणि पातं जागच्या जागी उभं राहिलं. मी मनात मोजलं. दोनही झाले नाहीत.

मी झेरॉक्सचं विचारल्यावर त्यांनी गल्ल्याच्या मागून घडी केलेली तीच झेरॉक्स काढून दिली. मोठेबाबांनी टेबलाचं एक माप त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, म्हणून ठेवून घेतली होती, असं ते म्हणाले. मी विचारलं, "ये आपके पास कब से है?"

"होली के टाइम से। चाचा लेके आए थे। बोले, लड़के ने अंग्रेजी में क्या बढ़िया लिखा है, पढ़वा तो दे। मेरी बेटी बैठी थी, उसने पढ़ दिया, सब्ज़ी काटने की मशीन।" सलीमभाई माझ्याकडे न बघता फडक्यानं टेबल पुसत होते. "मेरा तो दिमाग गरम हो गया था, भैया, सच बोलूँ तो। चाचा हँसने लगे। बोले, चल सलीम, आज से तेरा बकरा लौकी है।"

ते पुसत राहिले.

"फिर उसी कागज़ पे टेबल का नाप लिख दिया। जाते-जाते बोले, बच्चे को मत बताना कि मैंने पढ़वा लिया। नहीं तो वो मेरे पास आके बैठना छोड़ देगा।"