बांगड्यांच्या पेटीतले व्हॉल्व्ह

भर उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता, घरात पाहुणे बसलेले असताना पंखा बंद करणारा माणूस गेल्या मे महिन्यापर्यंत अख्ख्या धुळे शहरात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे आमची अक्का, तिचे हे यजमान. आम्ही त्यांना नाना म्हणतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले नाना स्वतः जोडलेल्या अँप्लिफायरवर गाणं ऐकतात. तो व्हॉल्व्हचा आहे, म्हणजे पूर्वीच्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या, आत तार लाल होणाऱ्या बाटल्यांचा. त्या नीट तापायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पाहुणेही तापतात. पण पंख्याची घरघर गाण्यात नको, हा नानांचा कायदा, आणि तो जावयालाही लागू.

नानांच्या लेखी व्हॉल्व्हच्या जाती दोनच, जुने आणि नवे. नवे परदेशातून कुरिअरने येतात. नाना ते कानाशी धरतात, पेन्सिलीने हळूच ठोकून बघतात आणि न पटलेलं स्थळ पाहून आल्यासारखे गप्प बसतात. मग लावतात, रोज त्यांच्यावरच ऐकतात आणि रोज त्यांनाच नावं ठेवतात. आवाज स्वच्छ आहे, पण गिरणीच्या पिठासारखा, जात्याची चव नाही, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही सारखेच वाटतात, असं मी एकदा बोलून गेलो. त्या दिवशी मला शेवभाजी दुसऱ्यांदा वाढू नकोस, एवढंच अक्काला सांगायचं त्यांनी बाकी ठेवलं.

खरे जुने व्हॉल्व्ह त्यांच्याकडे दोनच. जळगावातल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, दुकान कायमचं बंद करताना मूळ खोक्यातले, कधीच न पेटवलेले हे दोन व्हॉल्व्ह माझ्यासमोर नानांच्या हातात ठेवले. "भाऊ, ये अब कोई नहीं बनाता. संभालके जलाना," असं म्हणाले. नानांनी ते घरी नेऊन जेमतेम अर्धा तास लावले आणि ख्यालाची एक रेकॉर्ड वाजवली. गाणारी बाई सूर लावण्याआधी श्वास घेते, तो त्यांना ऐकू आला. नव्यांवर तो कधीच आला नव्हता. त्यांनी मोठ्या आशेने अक्काला विचारलं, तर ती मेथी निवडता निवडता म्हणाली की मला बाई काही फरक कळत नाही. नाना हिरमुसले. जेवढं पेटवावं तेवढं व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं, म्हणून त्यांनी दोन्ही काढले आणि अक्काच्या बांगड्यांच्या मखमली पेटीत ठेवून दिले. सराफाकडच्या त्या बांगड्या तेव्हापासून तांदळाच्या डब्यात आहेत.

चांगल्या दिवशी काढायचे, असं ठरलं होतं. पण एकही दिवस नानांच्या पसंतीस उतरेना. मुलाच्या लग्नात घरात गडबड फार, नात झाली तेव्हा ती रडायची, आणि निवृत्तीच्या दिवशी वीजच गेली. अशी दहा-बारा वर्षं गेली.

मग नानांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागू लागली. मे महिन्यात मी त्यांना जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावून बोलणं ऐकू येईल, पण अगदी बारीक आवाज आता परत यायचे नाहीत. नानांनी फक्त विचारलं, "आणि श्वास?" डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी लगेच स्टेथोस्कोप काढून त्यांच्या छातीला लावला. एरवी नाना यावर आठवडाभर हसले असते. या वेळी त्यांनी नुसती शर्टाची बटणं लावली आणि आम्ही परत निघालो. जपलेली वस्तू शाबूत राहिली आणि जपणाऱ्याचे कान गेले, याचं मला फार वाईट वाटत होतं.

घरी पोचल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "आज काढू."

पेटी उघडली. पंखा बंद झाला. वीस मिनिटं आम्ही तिघं घामाने निथळत बसलो. मग तीच रेकॉर्ड लागली. नाना मान तिरपी करून, डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांची मान सरळ झाली आणि डोळे उघडले. श्वास काही आला नव्हता.

अक्का उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. बाई सूर सोडून थांबली की पुढच्या सुराच्या आधी अक्का त्यांचा हात दाबायची. दोन-तीनदा असं झाल्यावर नानांच्या ध्यानात आलं. मीही कान टवकारले होते, पण अक्काची बोटं हलल्यावरच मला वाटायचं, हो, होता खरा.

"तुले आयकू येस?" नानांनी घरच्या अहिराणीत विचारलं.

"माले पहिलापासूनच आयकू येस," अक्का म्हणाली. "तुमले सांगीसन काय, जलमभर पंखा बंद ठेवाना?"

 नाना उठले आणि रेकॉर्ड चालू असताना त्यांनी स्वतःच्या हाताने पंखा लावला. घरघर सुरू झाली. आता तो श्वास अक्कालाही ऐकू येणं शक्य नव्हतं. नाना परत येऊन बसले आणि आपणहून हात तिच्या हातात दिला. तिची बोटं जिथल्या तिथे दाबत राहिली. ती रेकॉर्ड अक्काला पाठ होती, हे मला त्या दिवशी कळलं.