आमच्या सतरंजीवरची अमेरिका

मी चौथी शिकलेली. तरी अमेरिकेच्या राजकारणावर तासभर बोलू शकते! तिथल्या बँका बुडाल्या त्या साली दर शुक्रवारी अमेरिकेचं सरकार इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत, आमच्या सतरंजीवरून चालायचं. त्यातला एक किस्सा काढावा तर मागून चार येतात.

जेवायला दोघं ठरलेले. रीम आयलंडवरचे कुलकर्णी साहेब, मूळचे पुण्याचे. आणि मालवणचे सावंत भावजी, ह्यांच्याच साइटवर क्रेन चालवणारे. हे तिथे फोरमन. त्या बँकांपायी टॉवर निम्म्यावर थांबलेला. नोकरी गेली की व्हिसा खलास, महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. मॅनेजरला विचारावं तर एकच, "अमेरिकेचं ठरू दे, इन्शाल्ला!"

*

एकदा साहेब तोंड पाडून आले. बँका वाचवायचा ठराव तिथल्या संसदेत पडला म्हणे.

सावंत भडकले. "पडला कसा? मेंबरांना सहलीला नेलं नव्हतं? आमच्या पंचायतीत मतदानाआधी चार दिवस सगळे गणपतीपुळ्याला असतात!"

"अहो, तिथे असं नसतं."

"मग तो तिथला सरपंच झाला कशाला?"

*

तिथली निवडणूक आली. मी कोण यावा ते ठणकावून सांगत होते. लेक म्हणाली, "आई, यू कान्ट इव्हन व्होट!"

म्हटलं, "नसेल मला मत. पण त्यांच्या गोंधळापायी नवरा माझा घरी बसेल ना!"

*

साहेब समजावत होते, "वहिनी, तिथे दोन पक्ष भांडतात, एकमेकांना आवरतात, म्हणून कारभार नीट राहतो."

"आम्ही दोघी जावा एका चुलीवर रोज भांडायचो. पण बाराला पानं मांडलेली असायची! त्या अमेरिकावाल्यांचं जेवण कुठंय?"

साहेबांनी आमटी वाढून घेतली.

*

ईदला मिस्री मॅनेजर घरी आला. पुन्हा तेच, अमेरिका, अमेरिका. मी विचारलं, "हबीबी, अमेरिका का साब आके तुम्हारा क्रेन चलायेगा क्या?"

तो खो खो हसला. ह्यांनी घाईघाईने त्याची वाटी पुन्हा भरली!

*

शेवटी साहेबांनी हात टेकले. "वहिनी, तिकडे दोन वर्षं काही हलत नाही. सामान आताच कार्गोने गावी पाठवा."

शिकलेला माणूस म्हणून ऐकलं. मिक्सर, ताटवाट्या, पातेली, कुकर, सगळं खोक्यांत भरून जहाजाने रवाना!

तिसऱ्या दिवशी भरदुपारी हे आले आणि बूट न काढताच दारात बसले.

"अहो, काय झालं?"

"व्हिसा रिन्यू. तीन वर्षं. सावंतही राहिला. उद्यापासून काम चालू."

मी रडले, खोटं कशाला बोलू!

डोळे पुसते तोच हे म्हणाले, "सावंत आणि मॅनेजर जेवायला येतायत. निघालेत."

मी रिकाम्या ओट्याकडे बघितलं आणि रीम आयलंडला फोन लावला.

"साहेब, आत्ताच्या आत्ता तुमचा कुकर घेऊन या. आणि मतं घरी ठेवून या!"