कानाचं प्रगतिपुस्तक

माझ्या मुलाने मला पुण्याला नेऊन कान घेऊन दिले. कान म्हणजे श्रवणयंत्र, पण पूर्वी म्हाताऱ्यांच्या खिशात डबी आणि कानात गुंडी असायची तसलं नव्हे. हे दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढं बसतं, त्यातून एक बारीक तार आत जाते, आणि मोकळे केस पुढे घेतले तर कुणाला पत्ताही लागत नाही, असं दुकानातल्या मॅडम म्हणाल्या. मी अंबाडा घालते.

मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे हे यंत्र विचार करतं. आवाज कामाचा की बिनकामाचा हे ते क्षणात ठरवतं आणि बिनकामाचा दाबून टाकतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवली, तपासणीला आलेल्या साहेबांची भाषणं ऐकली, मला हे कधी जमलं नाही. जागेप्रमाणे यंत्रात बदल करायची सोयही होती: रेस्टॉरंट, मोटारगाडी, संगीताची मैफल. आमच्या धाड गावच्या आठवडी बाजारासाठी काही आहे का, असं मी विचारलं. मॅडमनी मुलाकडे पाहिलं आणि मुलगा नुसतं "आई" म्हणाला, जरा लांबवून.

खरी गंमत फोनमध्ये होती. मुलाने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. यंत्र दिवसभरात किती वेळ वापरलं, आसपास किती बोलणं झालं, बाई किती चालली, सगळं ते मोजतं आणि रोज शंभरपैकी गुण देतं. ते गुण पुण्यात मुलाच्या फोनवर दिसतात. "म्हणजे आम्हाला तुमची काळजी राहत नाही," सूनबाई म्हणाली. ती अगदी खरं बोलली, हे मला पुढे कळलं.

मुलाने कुठेतरी वाचलं होतं की ऐकू न येणारी माणसं एकेकटी पडतात आणि मग त्यांचं विसरणं वाढतं. त्यावरून त्याने अट घातली. गुण चांगले राहिले तर मी धाडला राहायचं, घसरले तर सामान बांधून पुण्याला. मला पुण्याला जायचं नव्हतं. तिथे माझे फार लाड होतात. कपबशीसुद्धा विसळू देत नाहीत, टीव्हीचा रिमोट हातात आणून देतात, आणि घरात काही ठरवायचं असलं की मला "तुम्ही आराम करा" म्हणतात. इथे माझं दार आहे, त्याची किल्ली माझ्या कमरेला आहे, मागे वांगी-मिरचीचे चार वाफे आहेत, आणि कुठल्या वाफ्याला कधी पाणी सोडायचं ते मी ठरवते.

यंत्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू आला आणि डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी, पिठाची गिरणी आणि कुणाच्या तरी वरातीतला डीजे हेही ऐकू आले, आणि यंत्राला तिन्ही कामाचे वाटले. त्यात उन्हाळा. कानामागे घाम, आत खाज. दुपारी मी ते काढून डबीत ठेवायची. लगेच पुण्याहून फोन: "आई, काल तू दोनच तास घातलंस. आई, तू कुणाशी बोलतच नाहीस का?" आमचे हे गेल्यापासून मी घरात एकटी. बोलायचं कुणाशी, मिरच्यांशी? उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना नापास केलं, आता माझा नंबर लागला होता.

माझी धाकटी जाऊ भिंतीला भिंत लावून राहते. भाजीपाला पिकवते, बाजारात स्वतः बसून विकते, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की जेवतानाही थांबत नाही. एके दिवशी ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती आणि समोर कुणी नसताना बोलत होती. ते पाहून मला सुचलं. यंत्र हरवू नये म्हणून त्याला एक दोरी दिलेली असते. ती दोरी मी यंत्रासकट तिच्या गळ्यात अडकवली, मंगळसूत्राशेजारी.

"बाई, हे काऊन? मले तर मुंगीचंही ऐकू येते."

"तुले ऐकाचं नाही. तू फक्त बोलत राह्य."

"एवढंच?"

"एवढंच."

इतकं सोपं काम तिला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती यंत्र गळ्यात घालून शेतात जायची, संध्याकाळी आणून द्यायची, मी ते फोनजवळ ठेवलं की दिवसभराची खबर पुण्याला रवाना. तिने पदर अंगावर ओढून घेतला की झाकल्या गेलेल्या यंत्रातून शीळ निघायची, गिऱ्हाईक दचकायचं, आणि ती म्हणायची, "नवा मोबाइल हाय." बाजाराच्या दिवशी तर ॲपने कमालच केली. गोंगाटाच्या ठिकाणीही आपण उत्तम संवाद साधलात, अशी शाबासकी आली. मुलाने ती घरच्यांच्या ग्रुपवर टाकली. सूनबाईने टाळ्या वाजवणारे हात टाकले, नातीने फुगे. मी त्या दिवशी घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं.

आणि फोन येणं थांबलं. आधी रागवायला का होईना, तो फोन करायचा. आता गुण चांगले म्हटल्यावर विचारायचं काय? मला याचं वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. पण मी धाडला होते, म्हणून गप्प बसले.

मग मला ताप आला. चार-पाच दिवस अंथरुणाला खिळले. जाऊ सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन यायची, तिनेच मला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं, आणि मधल्या वेळात तिची नेहमीची कामं चालू होती, यंत्र गळ्यात. माझ्यामागच्या धावपळीमुळे त्या आठवड्यात ती जरा जास्तच चालली, आणि सांगायला माझ्या तापाचा विषय मिळाल्याने जास्तच बोलली. मी कण्हत पडले होते तेव्हा मुलाचा संदेश आला: "आई, आजवरचा सगळ्यात छान आठवडा! अशीच राहा."

माझं डोकं फिरलं. मी यंत्र जावेकडून घेऊन कानात घातलं आणि फोन लावला.

"मी इथं तापानं फणफणून राह्यली, अन् तू मले शाबासकी देऊन राह्यला?"

तो म्हणाला, "आई, ॲपमध्ये तर तू रोज कितीतरी चाललेली दिसतेस. बाजाराच्या गोंगाटातही बोललीस."

"मी खाटेवर होती."

"बरं, बरं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. त्या मऊपणाची मला भीती वाटली.

शनिवारी तो बायकोला घेऊन गाडीने दारात हजर. दोघांनी मिळून निष्कर्ष काढला होता: आई एवढी चालली, बाजारात गेली, दिवसभर बोलली आणि तिला त्यातलं काही आठवत नाही. म्हणजे विसरण्याची सुरुवात झाली. सूनबाई माझ्या साड्या बॅगेत भरू लागली. मी सगळं सांगून टाकलं, जावेच्या गळ्यातल्या दोरीसकट. मुलाने बायकोकडे पाहिलं. "आता गोष्टीही रचायला लागल्या," ती हळूच म्हणाली. यंत्र कानात होतं, त्यामुळे मला ते स्वच्छ ऐकू आलं.

मी भिंतीवर हात आपटून जावेला हाक मारली. ती चिखलाच्या हातांनी तशीच आली.

"हाव बापा, माह्याच गळ्यात होतं," ती म्हणाली. "बाई इथं निपचित पडली होती. दवाखान्यात म्या नेलं तिले."

मुलगा आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला. "म्हणजे ते गुण तुमचे, काकू?"

"मले किती पडले?" तिने उत्सुकतेने विचारलं.

मला हसू आलं नाही. "ऐकू मले येत नाही," मी मुलाला म्हणाले. "तुले तं येते ना? मंग एक फोन काऊन नाही केला?"

सूनबाईने साड्या एकेक करून परत कपाटात ठेवल्या. ॲप दोन्ही फोनांतून काढलं. मग ठरलं ते असं, की यंत्र मी माझ्याच कानात घालायचं आणि त्याने रोज संध्याकाळी फोन करायचा. सगळ्यांत जास्त वाईट जावेला वाटलं, कारण तिचे गुण अजून वाढण्यासारखे होते.

या नव्या यंत्रात फोनवरचं बोलणं थेट दोन्ही कानांत उतरतं, बोलणारा अगदी डोक्यात येऊन बसल्यासारखं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "जेवलीस का?" त्याने विचारलं. त्याच्या मागे लॅपटॉपची बटणं वाजत होती, एकेक टकटक सुटी ऐकू येत होती. नुसत्या कानांना ती कळलीही नसती. टकटक थांबेपर्यंत मी उत्तर दिलं नाही.