पलटणीतल्या आजोबांची तिथी

माझे आजोबा इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊन पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले, ते परत आलेच नाहीत. कुठल्या दिवशी वारले हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला, बाकी सगळ्यांबरोबर उरकायचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे जन्मभर लागून राहिलं होतं. एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास दम्यानं त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा मला जवळ बसवून म्हणाले, "माज्या बापाची तिथ तेवडी काडून आन. एकदा तरी त्याच्या दिसाला त्याला घास घालतो, मग मी मोकळा."

आमचं जुनं गाव मुळशीच्या धरणात बुडालं, तेव्हाच घरातले कागदपत्र गेले होते. कोळवणला आलो ते भांडी नि देव घेऊन. तरी मी एस.टी.नं पुण्याला जाऊन लष्कराच्या कचेरीत हेलपाटे घातले. तिथले साहेब एकजात शिष्ट. शेवटी एका कारकुनाला दया आली. म्हणाला, या नावाचे शिपाई पैशाला पासरी आहेत, आजोबांचा नंबर आणा. लढाईनंतर सरकारनं घरी चांदीचं पदक पाठवलं असेल, त्याच्या कडेवर नाव नि नंबर असतो.

पदक आलं होतं, हे मी लहानपणापासून ऐकत होतो. परतताना आनंदानं मला एस.टी.त बसवेना. घरात पाऊल टाकताच विचारलं, "आबा, आजोबांचा बिल्ला कुठंय?"

"त्याचाच तर टाक केला न्हाई का."

लढाईत पडलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायची आमच्याकडे रीत. पदकावर गोऱ्या राजाचं तोंड, त्याला हळदकुंकू कोण वाहणार? म्हणून आबांनी तरुणपणीच पौडच्या सोनाराकडून ते आटवून घेतलं होतं आणि त्या चांदीच्या पत्र्यावर घोड्यावरचा वीर उठवला होता. आजोबा पायदळातले. घोड्यावर ते कधी बसलेही नसतील.

मी भडकलो. "कडेची अक्षरं तरी कुणाकडून उतरवून ठेवायची! त्यातच आजोबांचा नंबर होता, त्यावरून तिथी निघाली असती!"

"मला कुटं वाचाया येतंय? मला वाटलं, नक्षी हाय." आबांना धाप लागली. "मी बापाला देवात बसवला, रं."

ज्याला हे आपल्या हातून घडलेलं सगळ्यात मोठं पुण्य वाटत होतं, त्याला मी आणखी काय सांगणार होतो? पण तिथी आता मिळायची नाही, हे त्यांना कळलं होतं. मग म्हणाले, टाक हितं आन.

मी ताम्हनात सगळे टाक घालून नेले. त्यात आधीच्या पिढ्यांचेही वीर होते. चिंचेनं घासून घासून सगळे गुळगुळीत झालेले, सगळे घोड्यावर, सगळ्यांच्या हातात तलवार. आबांनी एकेक उचलून डोळ्यांपाशी धरला, उलटसुलट करून पाहिला, अंगठ्यानं चाचपला. शेवटी सगळे माझ्या ओंजळीत घातले.

"यातला माजा बाप कंचा, सांग."

मलाही सांगता आलं नाही.